यापांच्या गडग्यातली रिकामी जागा

चिवेमाळला गाडीतून उतरलात की डाव्या हाताला आधी जांभळीचं झाड दिसतं, आणि त्या झाडाच्या बुंध्यापासून निघालेला यापांचा गडगा. गुडघाभर उंचीचे काळे धोंडे, एकाला एक खेटून ठेवलेले, ना माती ना चुना. नवखा माणूस हमखास विचारतो, हा कुणाच्या शेताचा बांध? कुणाच्याच नाही. अलीकडेही माळ, पलीकडेही माळ. हा गडगा जमीन राखत नाही, माणसं राखतो. याप आडनावाच्या घरात पोर जन्मलं की बारशाच्या सकाळी ओळीच्या टोकाला एक धोंडा लागतो. ओळ वाढत वाढत भैरोबाच्या देवळाला वळसा घालून गेली आहे, आणि पुढे पाण्याची टाकी आडवी आल्यामुळे सध्या पंचायतीशी तिचं भांडण चालू आहे.

पण जांभळीकडून चालत आलात तर थोड्याच अंतरावर त्या ओळीत एक जागा रिकामी आहे. बरोबर एका धोंड्याची. पाहुण्यांना तिथे बसून फोटो काढायची फार हौस. बसू नका. मारणार कुणी नाही, पण यापांची एखादी म्हातारी घरातून बाहेर येईल आणि विचारील, “का रं, उपाशी हायस?” हो म्हणालात तर पान वाढून आणील. नाही म्हणालात तर उठवील. त्या जागी बसायचा हक्क उपाशी माणसाचा, असं आमच्याकडे सांगतात.

ती जागा बुजतही नाही. मागे सहलीच्या पोरांनी तिथे धोंडा बसवला, तो सकाळी दरीत. एका कंत्राटदारानं शहाणपणा करून सिमेंट ओतलं, ते म्हणे धरलंच नाही. गौरी-गणपतीपर्यंत ताकासारखं डचमळत होतं. खरं-खोटं जांभळीला विचारा. जे झालं ते तिच्या डोळ्यांदेखत झालं आहे.

तर फार मागची गोष्ट. कंपनी सरकारचं राज्य होतं. इकडचे गुन्हेगार समुद्रापलीकडे पाठवायचे आणि पलीकडचे इकडे आणायचे, असा गोऱ्यांचा न्याय. आपला केर शेजाऱ्याच्या दारात आणि त्याचा आपल्या. डोंगरावर कुठेसा एक तुरुंग होता, तिथे चिनी कैदी बागा शिंपायचे आणि बांबूच्या पाट्या विणायचे. शिक्षा संपली की दरवाजा उघडायचा. तेवढीच सुटका. परत न्यायला गलबत नसायचं.

पौषातल्या एका संध्याकाळी असा एक सुटलेला कैदी हा माळ चढून आला. त्याचं नाव आहिन. वय तिशीच्या आतबाहेर. कित्येक दिवस त्याच्या पोटात ओढ्याचं पाणी आणि कसला कसला पाला, याखेरीज काही गेलं नव्हतं. वाटेतल्या गावांनी त्याच्यावर कुत्री सोडली होती. जांभळीपाशी येता येता त्याचे पाय गेले. पडताना हात पहिल्या धोंड्यावर टेकला आणि बोटांना दगडात कोरलेल्या रेघा लागल्या. त्यानं त्या रेघांवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. आणि तो ढसाढसा रडू लागला.

ते त्याच्या मुलखाचं अक्षर होतं. एकच अक्षर, पण तिकडे एका अक्षरात अख्खं कूळ मावतं. याप.

रडणं ऐकून कुत्रं धावून आलं आणि कुत्र्यामागून कोयता घेतलेला एक म्हातारा. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला मुंडासं, आणि मुंडाशाखालून निघालेली पांढरी वेणी थेट कमरेपर्यंत. तो यापबुवा. हाही एके काळी त्याच तुरुंगातून सुटलेला. त्यानं आहिनला मराठीत शिवी दिली, मग तोंडावळा नीट पाहिला, आणि त्याच्याच भाषेत एक शब्द विचारला: “कूळ?”

त्या मुलखाची रीतच तशी म्हणे. परदेशात आपला माणूस भेटला तर आधी नाव विचारत नाहीत, आडनाव विचारतात. नुसत्या मुलूखवाल्याला वाटीभर पेज द्यायची आणि वाट दाखवायची. पण आपल्याच आडनावाचा निघाला, मग तो हजार कोसांवरचा का असेना, तर घर त्याचं.

आहिनला एक वाटी पेज पुरणार नव्हती. एक वाटी पिऊन तो पुढच्या वळणावर मेला असता, एवढंच. बोटं अजून त्या अक्षरावरच होती.

“याप,” तो म्हणाला.

म्हाताऱ्याच्या हातातला कोयता गळून पडला.

त्या रात्री आहिन किती भाकऱ्या जेवला याचा हिशोब बुवाच्या बायकोनं, ठमाबाईनं, जन्मभर सांगितला. ठमाबाई माहेरची आखाडे, धनगरवाड्यावरची. तरुणपणीच विधवा झालेली, आणि बुवाच्या परड्यातला मुळा बघून बुवाशी लग्न केलेली. बुवाचा मुळा उपटायला म्हणे दोघं लागायची आणि तिसरा मागून कमरेला धरायचा. असा मुळा काढणारा माणूस उपाशी ठेवणार नाही, असा तिचा सरळ विचार होता.

“तुमच्या मुलखात पोटं मोजून देतात का मापून?” ती आहिनला म्हणाली. “ह्या पोराच्या पोटाला बूड न्हाई.”

म्हातारा काही ऐकत नव्हता. तो फक्त बघत होता. मग बोलू लागला तो पहाटेपर्यंत. यापांचा मूळपुरुष एका राजाचा सेनापती होता. त्यानं राज्य वाचवलं, म्हणून राजानं त्याला एक गाव दिलं. गावाचं नाव याप, तेच कुळाला चिकटलं. आपल्याकडे पाटणचा पाटणकर होतो तसंच. पुढे लढाया झाल्या, दुष्काळ पडले, यापांची पांगापांग झाली, आणि जिथे पांगले तिथे ते उगवले. आता तिकडे याप इतके, की भरल्या बाजारात ‘अहो याप’ अशी हाक मारली तर अर्धा बाजार वळून बघतो आणि उरलेला अर्धा म्हणतो, आमच्या घरात सुना त्यांच्याच आहेत.

“आणि इथं?” म्हाताऱ्यानं एक बोट वर केलं. “इथं हाक मारली तर मी एकटा.”

त्याला दोन मुलगे होते. पटकीच्या साथीत दोघंही एका आठवड्यात गेले. बुवानं गडगा रचायला घेतला होता तो थोरला झाला तेव्हा. पहिल्या धोंड्यावर कुळाचं अक्षर कोरलं, मग आठवतील तेवढ्या पूर्वजांचे धोंडे लावले, मग स्वतःचा, मग पोरांचे. आता ओळ त्या दोन पोरांपाशी येऊन थांबली होती. बायकोचा धोंडा नव्हता, कारण तिकडे लग्न झालं तरी बायकोचं आडनाव माहेरचंच राहतं, ठमाबाई आखाडेच. “बरंच झालं,” ती म्हणायची, “भिंतीत चिणून घ्यायची मला हौस न्हाई.” उरली होती धाकटी मुलगी, साळू. तिचाही धोंडा नव्हता. मुलगी पुढे ज्या घरी जाईल त्या घराची माणसं वाढवणार.

म्हाताऱ्याची भीती मरणाची नव्हती. त्याच्या मुलखात असं मानतात, की मेलेल्या माणसाला भूक लागते. त्याच्या आडनावाच्या माणसानं नाव घेऊन घास ठेवला तरच तो त्याला पोचतो. नाव घेणारा नसेल तर मेलेला दारोदार हिंडतो आणि कुणाच्याच दारात त्याला वाढत नाहीत. देश सुटला त्या दिवशी त्यानं आईच्या पायाला हात लावून शब्द दिला होता, की तुझा घास मी चुकवणार नाही आणि माझ्यामागे माझी पोरं चुकवणार नाहीत.

आहिननं एकदा चाचरत विचारलं, “तिकडे एवढे याप आहेत. त्यांच्यातलं कुणीतरी वाढीलच की.”

“त्यांना कुठे ठाऊक,” म्हातारा म्हणाला, “की मी इथं मेलो?”

मग त्यानं एक प्रश्न विचारला. त्यांच्याकडे म्हणे दर पिढीला एक शब्द ठरलेला असतो आणि त्या पिढीतल्या सगळ्या भावांच्या नावात तो यावाच लागतो. “तुझ्या पिढीचा शब्द कोणता?”

आहिननं दिव्याकडे नजर वळवली. “बाप लहानपणीच पुरात गेला,” तो म्हणाला. त्यातलं तेवढं खरं होतं. “कुणी शिकवलाच नाही.”

म्हातारा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. दिव्यात तेल कमी झालं होतं. शेवटी तो म्हणाला, “पूर फार वाईट,” आणि पोराच्या अंगावर स्वतःची घोंगडी टाकली.

पाडव्याला म्हाताऱ्यानं आहिनचा धोंडा लावला. दरीच्या तोंडाशी जाऊन, निवडून, पाठीवर वाहून आणला. कुणाला हात लावू दिला नाही. मेलेल्या पोरांच्या शेजारी तो बसवला आणि घामेजलेल्या तोंडानं हसला. “लोक म्हणायचे, घरजावई बघ. आमच्याकडे आहे तशी रीत, जावई येतो आणि सासऱ्याचं आडनाव लावतो. पण स्वतःच्या बापाच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याच्या बापाला भरवणारा माणूस! कुत्र्याहून हलका.” असं म्हणणारा बुवा तसाच जावई शोधत खालच्या सगळ्या गावांतून हिंडला होता आणि चिन्याचं आडनाव नको म्हणून प्रत्येक दारातून परत आला होता, हे ठमाबाईनं लगेच सांगितलं. पण आहिनचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. तो धोंड्याकडे बघत होता.

कारण त्याच्याही मागे माणसं होती. पुरात गेलेला बाप होता, आजा होता, आणि त्यांचं नाव घेणारा आहिन हा एकटाच उरला होता. दिवसभर सगळे त्याला याप म्हणून हाक मारायचे आणि तोही ‘ओ’ द्यायचा. म्हणून रोज झोपण्याआधी तो पांघरुणात डोकं घालायचा, मूठ ओठांवर धरायचा आणि आपलं खरं आडनाव त्या मुठीत एकदा उच्चारायचा. मग मूठ मिटून घ्यायचा. ते आडनाव काय होतं, हे पुढे कळेलच असं समजू नका.

एवढंच असतं तर आहिन खोट्यावर जन्म काढून गेला असता. जगात पुष्कळ जण काढतात. पण घरात साळू होती.

दोघं समोरासमोर बसून चिव्याच्या बांबूच्या पाट्या विणायची. तो आपल्या मुलखाच्या पद्धतीनं विणायचा, ती घाटावरच्या. त्याची पाटी देखणी व्हायची आणि तिची टिकाऊ. साळू आईच्या वळणावर गेलेली, जिभेला धार. “ह्यात काय देव ठेवायचा हाय का शेण?” ती त्याच्या पाटीला नाक मुरडायची. पण शेण वाहायला ती स्वतःची पाटी न्यायची, आणि त्याची पाटी घरात खुंटीला टांगून ठेवायची. साऱ्या गावानं आहिनला तिचा दादा म्हटलं. तिनं एकदाही म्हटलं नाही. तिला काही सांगायचं असलं तर ती कुत्र्याला सांगायची आणि त्यानं ऐकायचं.

भैरोबाचा गुरव, बाबाजी नावाचा, मोठा भला आणि मोठा उतावळा माणूस. एके दिवशी ओट्यावर बसून तो बुवाला म्हणाला, “पोरगा घरात, पोरगी घरात, आडनावही तेच. सून आणायला नको, जावई शोधायला नको. हळद कुठं लांब हाय?”

बुवानं हातातली विळी फेकली. “एकच आडनाव! बहीण-भाऊ!”

“अवो, हा कुठला, तुमी कुठलं. मधी समुद्र असंल.”

“समुद्र असो नाहीतर आकाश. याप आणि याप, बहीण-भाऊ!”

गुरवानं जीभ चावली आणि दोन्ही कानांना हात लावले. “म्हंजी एकाच देवकाची म्हना की! चुकलो, बुवा. देवक एक असल्यावर लगीन कसलं!” देवक म्हणजे कुळाचं चिन्ह; एका देवकाचे ते भाऊ-बहीण, हे तर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली आणि सगळ्यांना पटली. पाटी विणता विणता आहिननं ती ऐकली. बांबूची सळी त्याच्या तळव्यात घुसली. समोर साळूनं मान वर केली नाही, पण तिची पाटी त्या दिवशी पुरी झाली नाही.

असा तो अडकला. याप आडनाव लावणारा, लावायला तयार असलेला, साऱ्या मुलखात एकच माणूस होता आणि त्याच आडनावापायी ती त्याची बहीण ठरत होती. खरं सांगावं तर साळू मिळेल. पण म्हाताऱ्याचा वंश त्याच घटकेला बुडेल आणि तो उपाशी मरेल, मेल्यावरही उपाशीच राहील. सांगू नये तर म्हातारा सुखानं डोळे मिटेल, आणि हा जन्मभर तिचा भाऊ. कितीदा तरी तो सांगायला म्हणून बुवापाशी जाऊन बसला, आणि दर वेळी बुवानं त्याच्या पानात वाढलं.

पावसाळा सरला आणि म्हाताऱ्यानं अंथरूण धरलं. छातीत घरघर लागली. दिवाळी तोंडावर आली तेव्हा तो ठमाबाईला म्हणाला, “भाऊबीजेला साळू त्याला ओवाळेल. सगळ्यांसमोर. मग तो भाऊ पक्का, याप पक्का. मग मी जातो.”

ओवाळलं की परत फिरता येत नाही. ज्याच्या तोंडावरून ती ज्योत एकदा फिरली तो भाऊ, या जन्मी तरी.

आदल्या दिवशी साळू झऱ्यावर घागर घासत होती. आहिन वरून येताना दिसला तशी ती कुत्र्याला म्हणाली, “मोत्या, ह्याला इचार, उद्या ओवाळू का नको.”

आहिन उभा राहिला.

“इचार की. मुका झालास का?” कुत्रं शेपटी हलवत होतं. साळूनं घागर खाली ठेवली आणि पहिल्यांदाच सरळ त्याच्याकडे बघितलं. “तुझ्या पोटात कायतरी हाय. आल्या दिवसापासनं हाय. एवढ्या भाकरी खाल्ल्यास, तरी त्ये वर येत न्हाई.”

“बुवा मरेल,” आहिन म्हणाला.

“आन् मी?”

तिनं घागर न भरताच उचलली आणि ती निघून गेली.

भाऊबीजेच्या संध्याकाळी अंगण सारवून पाट मांडला. पाटाभोवती रांगोळी. बुवाची बाज बाहेर आणून त्याला उशाशी घोंगडी देऊन टेकवून बसवलं होतं. साक्षीला बाबाजी गुरव. आहिन पाटावर बसला. साळू ताट घेऊन आली. निरांजन, सुपारी, अक्षता. तिनं कुंकू लावलं तेव्हा तिचं बोट बर्फासारखं लागलं, असं तो पुढे सांगायचा.

ज्योत त्याच्या तोंडासमोर आली आणि थांबली.

“ओवाळ,” म्हातारा म्हणाला.

साळूनं डोळे मिटले. ताट हललं. एक वेढा पुरा व्हायच्या आत आहिननं ताटाची कड धरली.

ओवाळणीच्या पाटावरून अर्ध्यावर उठणं म्हणजे केवढा अपशकुन! गुरव “आरं आरं” करत राहिला. आहिन रांगोळी तुडवत अंगणाबाहेर गेला, गडग्यापाशी ओणवा झाला आणि आपला धोंडा उपसू लागला. सात महिन्यांत धोंडा मुळं फुटल्यासारखा रुतला होता. बोटांची नखं फाटली. शेवटी त्यानं तो उपटला, पोटाशी धरून आणला आणि म्हाताऱ्याच्या बाजेसमोर ठेवला.

“मी याप नाही,” तो आपल्या भाषेत म्हणाला. मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत म्हणाला, “मी याप नाही. भूक लागली होती.”

म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. त्याच्या पाठीला आता वेणीचंही ओझं झाल्यासारखं दिसत होतं.

ठमाबाईच पहिली बोलली. “भुकेल्यानं खोटं बोलावं, त्याला पाप न्हाई. पर पोट भरल्यावर खरं बोलायला एवढा उशीर, रांडंच्या?” आणि ती पदरात तोंड घालून रडू लागली.

मग म्हाताऱ्याचा आवाज आला, तोंड तिकडेच. “मग कोण? कूळ सांग.”

आहिननं तोंड उघडलं. आडनाव जिभेवर आलं होतं. पण म्हाताऱ्याच्या खांद्याची हाडं हलत होती, आणि आहिनला कळलं, की हे आडनाव एकदा या अंगणात उच्चारलं गेलं की ते इथे रुजणार. साळू त्या घरची होणार, तिची पोरं त्या नावाची होणार, आणि गडगा त्या दोन मेलेल्या पोरांपाशी कायमचा थांबणार. आणि उच्चारलं नाही तर? पुरात गेलेला बाप आहे, आजा आहे. त्यांना आहिनखेरीज कोण आहे?

त्यानं तोंड मिटलं. धोंडा पुन्हा उचलला आणि तो कड्याकडे चालू लागला.

कड्याच्या टोकाशी त्यानं धोंडा खाली ठेवला. मूठ ओठांना लावली आणि आपलं आडनाव मुठीत उच्चारलं, रोजच्यासारखंच, शेवटचं. मग मूठ धोंड्यावर उघडली, जणू काही त्यावर ओततो आहे, आणि धोंडा दरीत लोटून दिला. तो खाली आपटल्याचा आवाज अजून आलेला नाही, असं सांगतात. आमची म्हातारी माणसं त्या बाजूला गेली की अजून घटकाभर कान देऊन उभी राहतात.

तो परत आला, बाजेपुढे गुडघे टेकून बसला. “आता मला आडनाव नाही,” तो म्हणाला. “असेल तर द्या.”

ज्या माणसाला म्हाताऱ्यानं कुत्र्याहून हलका म्हटलं होतं, तोच माणूस समोर बसला होता. म्हाताऱ्यानं तोंड त्याच्याकडे वळवलं.

“तुझे लोक?”

“उपाशी.”

जन्मभर म्हातारा ज्या भयाला भीत आला, ते भय कुणीतरी त्याच्या डोक्यावरून उचलून आपल्या बापाच्या डोक्यावर ठेवलं होतं. तो लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडला. मग म्हणाला, “भात आण.”

ठमाबाईनं त्याच्याच वाटणीचा भात पानावर आणला. चौघांनी बाज उचलून गडग्यापाशी नेली. म्हाताऱ्यानं खाली वाकून, धोंडा उपसलेल्या त्या रिकाम्या जागेत, स्वतःच्या हातानं पान ठेवलं.

“इथं धोंडा लावू नका. कधीच. इथं त्याचे जेवतील. आधी ते, मग आम्ही.” मग धाप लागून थांबला आणि पलीकडची जागा दाखवत म्हणाला, “साळू, तुझा धोंडा आण.”

“पोरीचा?” गुरवानं विचारलं.

“पोरीचा,” म्हातारा म्हणाला. “याप तीच आहे.”

साळूनं कुणाची वाट पाहिली नाही. पदर खोचला, दरीच्या तोंडाशी गेली आणि बापानं आणला होता त्याहून मोठा धोंडा आणला. रिकाम्या जागेच्या पलीकडचा पहिला धोंडा तो, बघा, जरा तिरका आहे. रागातच ठेवला होता म्हणतात.

“देवक येगळं निघालं,” बाबाजी गुरव डोळे पुसत म्हणाला, “आता हळदीला कुणाच्या बापाची बंदी!” तुळशीचं लग्न झालं त्याच मांडवात दोघांचं लागलं. आहिन याप झाला, या वेळी खरा. म्हातारा हळद उतरायच्या आत गेला. तोंडावर म्हणे पंगतीतून उठलेल्या माणसाची तृप्ती होती.

पण गोष्ट इथे गोड करून सोडली तर खोटं होईल. आहिन पुष्कळ जगला, पोरंबाळं, नातवंडं, धोंड्यांवर धोंडे लागले. त्या दिवसानंतर तो झोपताना मूठ ओठांशी नेत नसे. शेवटच्या दुखण्यात मात्र एके संध्याकाळी त्यानं मूठ वर केली, ओठांना लावली, आणि तसाच थांबला. ओठ हलत होते. आवाज येत नव्हता. डोळे भेदरून इकडेतिकडे फिरत होते. साळूला कळलं. इतक्या वर्षांत न उच्चारलेलं ते आडनाव आता त्याला आठवत नव्हतं. तिनंही ते कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिला ठाऊक असतं, आणि आता सांगता आलं असतं. ती त्याची मूठ दोन्ही हातांत धरून बसली. त्यानं मूठ उघडली नाही. तशीच मिटलेली मूठ घेऊन तो गेला. दुसऱ्या दिवशी साळूनं त्या रिकाम्या जागेत एक पान जास्त वाढलं.

पाहुणे नेहमी विचारतात, पण आडनाव होतं तरी काय? सांगणाऱ्याला ठाऊक असतं तर ती जागा रिकामी कशाला राहिली असती?

आजही चिवेमाळच्या यापांकडे सर्वपित्रीला पहिलं पान त्या जागेत जातं, नाव न घेता, आणि मग घरच्यांची पानं. आजही त्यांच्या सुना माहेरचंच आडनाव लावतात. घरजावई आला तर तो उंबऱ्याबाहेर घटकाभर उभा राहतो आणि घरातली सगळी मोठी माणसं बाहेर येऊन त्याला आधी वाकून नमस्कार करतात. गाव आता निम्मं यापांचं आहे. शाळेत ‘याप’ म्हणून हाक मारली तर अर्धा वर्ग वळून बघतो.

आणि आजही शिरगणतीवाला आला की यापांच्या प्रत्येक घरात घोळ होतो. घरातली माणसं सांगून झाली की म्हातारी एक माणूस जास्त सांगते. तो विचारतो, नाव? नाव नाही. वय? ठाऊक नाही. मग राहतो कुठे? ती गडग्यातल्या रिकाम्या जागेकडे हात करते. शिरगणतीवाला कंटाळून म्हणतो, आजी, ज्याला नाव नाही त्याला मी धरू कसा?

“नाव आमच्यापायी गेलं त्याचं,” म्हातारी म्हणते. “माणूस हाय. मोजा.”